मोठ्या वयाची शाळा

रमाबाई रानडे हे नाव आजच्या घराघरांत पोचलं ते दूरचित्रवाणीमुळे. २०१२ साली झी मराठीवर ‘उंच माझा झोका’ ही मालिका सुरू झाली आणि परकरातली, पाटीवर अक्षरं गिरवणारी छोटी यमू सगळ्यांची लाडकी झाली. आमच्या पनवेलीतही संध्याकाळची कामं त्या वेळेच्या बेतानं उरकली जायची. मालिका गोड होती, यात वाद नाही. पण मला राहून राहून वाटायचं, की रमाबाईंच्या आयुष्यातला जो भाग माझ्या उपयोगाचा आहे, तो या यमूच्या मोठेपणी सुरू होतो. पतीच्या निधनानंतरच्या तेवीस वर्षांत या बाईंनी जे केलं, त्याचं नीट वर्णन करायचं तर असं करावं लागेल: मोठ्या वयाच्या, संसारात किंवा वैधव्यात अडकलेल्या बायकांना हाताला काम देणारं शिक्षण कसं द्यायचं, आणि ते देणाऱ्या शिक्षिका कुठून आणायच्या, हे कोडं त्यांनी सोडवलं.

माझ्या उपयोगाचा, असं म्हटलं त्याचं कारण सांगते. मी शिवणकामाची निदेशक. उमेदीची सगळी वर्षं पनवेल आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना शिवण शिकवण्यात गेली, आणि पुढे त्यांच्यातूनच शिकवणाऱ्या तयार करण्यात. निदेशक होण्यासाठी मीही वर्षभराचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. पाठटाचण कसं काढावं, फळ्याची मांडणी कशी करावी, प्रात्यक्षिक आधी की माहिती आधी, सगळं शिकवलं गेलं. ते उपयोगी पडलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण समोर येणारी बाई चाळीस वर्षांची असते. सिडको १९७० साली स्थापन झाली, पनवेल-उरणकडच्या भातशेतीचं संपादन झालं आणि ज्या हातांना लावणी-कापणीशिवाय दुसरं काही करावं लागलं नव्हतं, ते हात एकाएकी रिकामे झाले. अशी बाई वर्गात येते, टेप हातात घेते, आणि त्यावरचे आकडे वाचता येत नाहीत हे शेजारणीला कळू नये म्हणून टेप पदराखाली धरते. दुसऱ्या दिवशी येत नाही. तिच्यासाठी टाचण कसं काढायचं, हे प्रशिक्षणाच्या एकाही तासाला सांगितलं गेलं नव्हतं. त्याचं उत्तर मला पुष्कळसं सापडलं ते रमाबाईंच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी’ या पुस्तकात आणि पुस्तकाबाहेरच्या त्यांच्या कामात.

रमाबाई मूळच्या कुर्लेकरांच्या. जन्मगाव देवराष्ट्रे, आताच्या सांगली जिल्ह्यातलं. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरामुलगा बत्तिशीतला बिजवर, पुण्यातला न्यायाधीश माधव गोविंद रानडे. पहिली पत्नी वारल्यावर या सुधारकानं विधवेशी विवाह करावा, अशी मित्रमंडळींची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे माधवरावांनी मान तुकवली आणि एका कुमारिकेशी लग्न केलं. या गोष्टीवरून लोकांनी त्यांना तेव्हाही बोल लावला आणि आजही लावतात. लावावाच. पण लग्न करून आणलेल्या त्या निरक्षर मुलीच्या हाती त्यांनी लगेच पाटी-पेन्सिल दिली, हेही तितकंच खरं.

इथे शिकणाऱ्या रमाबाई वयानं लहान होत्या, पण त्यांची अडचण मोठ्या बाईची होती. शाळेत जाणाऱ्या मुलीला शिकणं हे एकच काम असतं. सासरी आलेल्या मुलीला दिवसभर घरचं काम, आणि शिकणं हा त्यावरचा अपराध. वाडा माणसांनी भरलेला. सासू, चुलत-आते सासवा, नणंदा, आश्रित बायका. रात्री वरच्या मजल्यावर नवऱ्यापाशी दोन तास अभ्यास करायचा आणि सकाळी खाली उतरलं की त्या दोन तासांची किंमत मोजायची. मोठ्यानं वाचल्याची नक्कल व्हायची, बोलणं टाकलं जायचं. पुढे मिस हरफर्ड नावाच्या बाई इंग्रजी शिकवायला येऊ लागल्या, तेव्हा मडमेला शिवली म्हणून प्रत्येक धड्यानंतर आंघोळ करूनच आत यायचं, असा दंडक आला.

हे सगळं घडत असताना माधवराव घरच्या बायकांना एका शब्दानं बोलले नाहीत. पत्नीला मात्र सहन कर, उत्तर देऊ नकोस, असंच सांगत राहिले. त्यांच्या संयमाचं कौतुक पुष्कळ झालं आहे. मला ते वाचताना आजही राग येतो. शिकवणाऱ्यानं शिकणारीच्या बाजूनं निदान एकदा तरी उभं राहायला नको का? त्या वाड्यात रमाबाई ज्या गोष्टी शिकल्या, त्यांत इंग्रजी होतं, मराठी ग्रंथांचं वाचन होतं, जमाखर्च होता. पण सर्वांत पक्का झालेला धडा वेगळाच होता. मोठेपणी शिकणाऱ्या बाईला अक्षर अवघड जात नाही, तिला हसणं अवघड जातं. पुढचं सगळं काम त्यांनी या एका ज्ञानावर उभारलं, असं माझं मत आहे.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्याला आल्या. (या दोन रमाबाईंची गल्लत अजूनही होते. आमच्या एका स्पर्धेत तर दोघींचा मिळून एकच निबंध आला होता!) संस्कृत पुराणं मुखोद्गत असलेली ही विदुषी, आणि तिच्या व्याख्यानांना पुण्यातल्या बायका जमू लागल्या. त्यातून आर्य महिला समाज निघाला आणि रमाबाई रानडे त्यात जाऊ लागल्या. घरात पुन्हा गहजब. मुलींसाठी हायस्कूल हवं या मागणीसाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरसाहेबांपुढे त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचून दाखवलं, तेव्हा तर कित्येक दिवस टोमण्यांना खळ पडला नाही. ती शाळा १८८४ साली निघाली. तीच हुजूरपागा.

आठवणींच्या पुस्तकातला माझा सर्वांत आवडता प्रसंग मात्र कलकत्त्याचा आहे. १८८६ साली सरकारच्या वित्त समितीवर माधवरावांची नेमणूक झाली आणि दोघं कलकत्त्याला राहायला गेली. तिथे बंगाली वर्तमानपत्र घेऊन एक विक्रेता दारी आला. वाचता येत नाही म्हणून रमाबाईंनी त्याला परत पाठवलं. ज्या प्रांतात राहायचं तिथली भाषा येऊ नये, हे माधवरावांना बरं वाटलं नाही. त्यांनी बंगाली पुस्तकं आणवली आणि स्वतःच शिकायला बसले. एके सकाळी दाढी करायला न्हावी आलेला, साहेबांच्या हातात पुस्तक, आणि अडलेल्या शब्दाचा उच्चार ते त्या न्हाव्याला विचारताहेत. न्हावी वस्तरा थांबवून अर्थ सांगतो आहे. आतून ऐकणाऱ्या रमाबाईंना हसू आवरेना. न्हावी गेल्यावर त्यांनी या नव्या गुरूवरून नवऱ्याची थट्टा केली, तर त्यांनी दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंचा दाखला देऊन ती परतवली. मग शिकलेलं रोजच्या रोज पत्नीला शिकवलं. कलकत्ता सोडेपर्यंत रमाबाई बंगाली वाचू लागल्या होत्या.

चव्वेचाळीस वर्षांचा न्यायाधीश न्हाव्यापुढे विद्यार्थी होतो, त्याला त्यात कमीपणा वाटत नाही, आणि हे त्याची बायको दाराआडून पाहते. प्रौढांना शिकवण्याविषयी मी जी काही पुस्तकं वाचली, त्यांतलं एकही मला याहून जास्त शिकवू शकलं नाही. आमच्या वर्गात शिकवायला उभ्या राहणाऱ्या नव्या मुलींना मी ही गोष्ट आधी सांगते. कारण त्यांच्यासमोर बसलेल्या बाईला कापड कापता येत नसेल, पण भाताचं रोप, माशांचा बाजार, दहा माणसांचा स्वयंपाक यांत ती या मुलींच्या दहा वर्षं पुढे असते. तिला काही विचारलंत, तर ती तुम्हाला काही विचारील.

१८९३ साली माधवराव मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले. रमाबाई चाळिशीच्या आत-बाहेर, पोटी मूल नाही. पुण्याच्या वाड्यात परत येऊन वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. तिथेच आयुष्य संपलं असतं तरी कोणी नवल केलं नसतं. न्यायमूर्तींच्या विधवेनं स्मरणात आणि पूजेत दिवस काढावेत, हीच रीत होती.

त्या बाहेर पडल्या आणि गेल्या कुठे, तर तुरुंगात. मध्यवर्ती तुरुंगातल्या स्त्री कैद्यांच्या विभागात त्या नियमानं जाऊ लागल्या. त्यांच्याशी बोलायचं, त्यांना काही वाचून दाखवायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं. मुलांच्या सुधारगृहात जायचं. दवाखान्यातल्या रुग्णांना फळं-फुलं-पुस्तकं नेऊन द्यायची. चरित्रकार या भेटींची नोंद दयाबुद्धी म्हणून करतात. मला त्यात आणखी काही दिसतं. शिक्षक होऊ घातलेल्या माणसाला सरावपाठ घ्यावे लागतात. रमाबाईंचे सरावपाठ तुरुंगाच्या बराकीत झाले. ज्यांना कोणी कधी काही शिकवायला गेलं नाही, ज्यांना शिकण्याची सक्ती करता येत नाही आणि ज्यांच्याशी वरून बोललं की संवाद तुटतोच, अशा मोठ्या बायका त्यांच्यासमोर होत्या. दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या शाळेत हा सराव मिळाला नसता.

१९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी रमाबाई होत्या. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं, तेव्हाही अध्यक्ष म्हणून त्यांनाच गाठलं. पण त्यांचं मन पुण्याच्या बायकांत होतं. १९०९ साली भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीनं त्यांनी पुण्याचं सेवासदन सुरू केलं. जागा कुठली, तर त्यांचाच राहता वाडा.

या ठिकाणी त्या काळचं पुणं थोडं डोळ्यांसमोर आणावं लागेल. लहान मुलींसाठी हुजूरपागा होती. विधवांसाठी अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम होता, गावाबाहेर हिंगण्याला. पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आलेल्या बायकांना विणकामापासून छापखान्यातल्या खिळे जुळवण्यापर्यंत सारं शिकवत होत्या, पण त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला असल्यामुळे पुण्यातल्या घरांना ती वाट बंद होती. राहिली कोण? तीस वर्षांची सवाष्ण, जिला शिकायचं आहे पण घर सोडता येत नाही. किंवा दिराच्या संसारात राबणारी विधवा, जिला आश्रमात जायची परवानगी नाही, पण दोन तास कुठे गेली तर घर चालवून घेईल. पोरींच्या बाकावर तिला बसवता येणार नव्हतं. सेवासदननं तिच्यासाठी वर्ग काढले. घरच्या कामांच्या वेळा सांभाळून भरणारे, प्रौढ बायकांना प्राथमिक शिक्षण देणारे वर्ग. त्यांच्या जोडीला शिवण, भरतकाम, विणकाम, प्रथमोपचार, गायन.

शिवणाचा वर्ग म्हटला की कोणी भुवया उंचावत नाही, हे रमाबाईंना पक्कं माहीत होतं. लिहिणं-वाचणं म्हणजे बाटणं, पण सुई-दोरा हा घरंदाज. बाई शिवणासाठी म्हणून यायची आणि मापं लिहिता लिहिता आकडे शिकायची. ही युक्ती मी पुस्तकात वाचलेली नाही. पण तीच युक्ती मी पनवेलच्या खेड्यांत वर्षानुवर्षं वापरली आहे, आणि सुईच्या वाटेनं अक्षर किती सहज आत शिरतं, ते पाहिलं आहे. टेपवरचा आकडा वहीत उतरवायचा असतो तो ब्लाउजसाठी, परीक्षेसाठी नव्हे. त्यामुळे त्याची भीती वाटत नाही. हळूहळू टेप पदराखालून बाहेर येतो.

खरी अडचण दुसरीच होती. शिकणाऱ्या मिळाल्या, शिकवणार कोण? पुरुष शिक्षक ठेवले तर घरं बायकांना पाठवणार नाहीत, आणि शिकलेल्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या. रमाबाईंना स्वतःला शिकवायला पुण्याच्या फीमेल ट्रेनिंग कॉलेजातल्या एक बाई घरी येत असत, त्यामुळे तयार शिक्षिका म्हणजे काय चीज असते, ते त्यांनी अनुभवलं होतं. तेव्हा सेवासदननं स्वतःचं स्त्री अध्यापिका विद्यालय काढलं. काल जी पाटी घेऊन आली, ती चार-पाच वर्षांत खडू हातात घेऊन उभी राहील, अशी ही साखळी होती. विधवा बाई शिक्षिका झाली की तिला पगार मिळे, आणि पगार मिळाला की दिराच्या घरातलं तिचं पान जरा वर सरके. हे सुधारणेचं तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हे, साधा व्यवहार आहे. पण बायकांनी आपली पोर, आपली सून सेवासदनात धाडली ती या व्यवहाराकडे बघूनच.

परिचारिकांचं काम याहून कठीण गेलं. परक्या माणसाचं अंग पुसायचं, रक्त-पू हाताळायचा, जातपात न बघता पाणी पाजायचं. ब्राह्मण घरातल्या बाईनं असं काही करावं, ही कल्पनाच त्या काळी असह्य होती. रमाबाईंनी घरोघरी जाऊन मनं वळवली आणि ससून रुग्णालयात प्रशिक्षणासाठी बायका पाठवल्या. त्यांच्या राहण्याची सोय केली, त्यांच्यावर लक्ष ठेवलं. आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन त्या स्वतः जात आणि वारकरी बायकांची सेवा-शुश्रूषा होई. मला वाटतं, पुण्याच्या घरांचा विरोध वितळवण्यात या यात्रांचा वाटा मोठा असावा. ज्या आजीबाईंनी नर्स या शब्दाला नाक मुरडलं, त्यांच्याच पायाचे फोड आळंदीला नर्सनं बांधले.

सेवासदनच्या एका वार्षिक समारंभात बक्षिसं वाटली जात होती. नाव पुकारलं गेलं आणि एक विधवा बाई व्यासपीठावर आली. केशवपन केलेलं, अंगावर आलवण. मागे, वरच्या सज्ज्यात कॉलेजची मुलं बसली होती. त्यांनी तिला पाहिलं आणि हुर्यो केली. हसणं, ओरडणं. ती बाई बक्षीस घेऊन कशी खाली उतरली असेल, कोण जाणे.

समारोपाला रमाबाई उठल्या. सौम्य बोलणारी, सोसणारी, कोणालाही न दुखावणारी म्हणून ज्यांची ख्याती, त्या रमाबाई त्या दिवशी संतापल्या होत्या. तुम्ही स्वतःला सुशिक्षित म्हणवता ते कशाच्या जोरावर, असा त्यांनी त्या मुलांना जाब विचारला. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी बहीण, आत्या किंवा आई नाही, ते सांगा, आणि ती समोर आली असती तर असेच हसला असता का, हेही सांगा. सभागृह चिडीचूप झालं.

मी हा प्रसंग अनेकदा मनात घोळवला आहे. वाड्यातल्या बायका हसल्या, तेव्हा उत्तर द्यायचं नाही, हे रमाबाईंना शिकवलं गेलं होतं आणि स्वतःच्या बाबतीत त्यांनी ते पाळलंही. विद्यार्थिनीच्या बाबतीत नाही पाळलं. गुरूनं जे आपल्यासाठी केलं नाही, ते त्यांनी आपल्या शिष्येसाठी भर सभेत केलं. माझ्या लेखी त्या दिवशी त्या न्यायमूर्तींच्या एक पाऊल पुढे गेल्या.

नंतरच्या वर्षांत त्या रस्त्यावरही उतरल्या. १९२० साली पुणे नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा थोडा आहे, तर आधी मुलग्यांपुरती सक्ती करू, मुलींचं पुढे पाहू, असा एक मोठा पक्ष होता. टिळकांच्या बाजूची माणसं त्या पक्षात होती. मुलींनाही तीच सक्ती हवी म्हणून पुण्याच्या बायकांचा मोर्चा निघाला, आणि त्यात साठीकडे झुकलेल्या रमाबाई होत्या. पाठोपाठ १९२१-२२ मध्ये मुंबई प्रांतात स्त्रियांना मताधिकार मिळावा, या चळवळीतही त्यांनी स्वतःला झोकून दिलं. जिला वर्तमानपत्र हातात धरल्याबद्दल बोलणी खावी लागली, ती आता बायकांच्या मतपेटीबद्दल बोलत होती.

१९२४ साली रमाबाई गेल्या. १९६२ मध्ये सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं. ज्या वाड्यात मडमेशी बोलल्यावर आंघोळ करावी लागे, त्याच वाड्यात सुरू झालेल्या सेवासदनात त्यांच्या निधनाच्या वेळी शिकणाऱ्यांची संख्या हजारावर गेली होती. शिकवणाऱ्यांत तिथेच शिकून तयार झालेल्या बायका होत्या.